महाराष्ट्रातून कर्नाटकात बिऱ्हाड हलवताना : निघण्याआधी कुठले कागद काढायचे आणि अर्ज कुठे अडतात

बदलीची ऑर्डर आली की पंधरा दिवसांत घर ट्रकवर चढतं. फ्रिज, कपाटं, तुळशीची कुंडीसुद्धा बेंगळुरूला पोहोचते. मागे राहतात ते कागद. महाराष्ट्रातून इकडे आलेल्या बऱ्याच कुटुंबांच्या फायली मी पाहिल्या आहेत. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा इथल्या कचेरीत, पण चूक झालेली असते तिकडे, निघण्यापूर्वी. म्हणून हे लिहितो आहे, आणि जे सर्वांत जास्त नडतं तिथपासून सुरुवात करतो.

मुलांची शाळा आणि डोमिसाइल

शाळा सोडल्याचा दाखला सगळेच घेतात. परराज्यात प्रवेश घ्यायचा असेल तर त्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते, हे मात्र पुष्कळांना इथे आल्यावर कळतं. मग मे महिन्याच्या सुट्टीत, शाळेचं ऑफिस अर्धवेळ उघडं असताना, एका सहीसाठी रात्रीची बस पकडायची वेळ येते. दाखला हातात पडला की त्याच आठवड्यात सही करून घ्या. त्यावरची जन्मतारीख आणि नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहा. तफावत असेल तर दुरुस्ती ती शाळाच करू शकते, नवी शाळा करत नाही.

डोमिसाइलचं प्रकरण याहून गंभीर आहे. महाराष्ट्रात अधिवासाच्या दाखल्यासाठी साधारण पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तिथे राहत असताना ‘आपले सरकार’ पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून तो काढणं सोपं जातं, कारण रेशनकार्ड, लाइट बिल, तलाठ्याचा दाखला सगळं हाताशी असतं. राज्य सोडून चार-पाच वर्षं झाल्यावर तोच अर्ज केला, तर आता राहता कुठे, हा पहिला प्रश्न येतो आणि फाइल परत येते. आई किंवा वडील आणि मूल, दोघांचाही दाखला निघण्यापूर्वी काढून ठेवा. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘टाइप बी’ म्हणून एक वाट आहे. दहावी-बारावी बाहेर झालेलं मूल, स्वतःचं किंवा आईवडिलांपैकी एकाचं महाराष्ट्राचं डोमिसाइल असेल तर, त्या वाटेने राज्याच्या जागांसाठी अर्ज करू शकतं.

मेडिकलला ही वाट नाही. राज्य कोट्यातल्या ८५ टक्के जागांसाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असाव्या लागतात. सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, बाकीच्यांना नाहीत. आणि इकडे कर्नाटकाच्या सीईटीची मुख्य अट अशी की पहिली ते बारावी यांपैकी किमान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं, शिवाय दहावी किंवा बारावी इथून उत्तीर्ण असावी.

आता बोटांवर मोजा. मूल सहावीत आलं तर सहावी ते बारावी सात वर्षं भरतात. सातवीत आलं तर सहाच. म्हणजे सातवीत किंवा त्यापुढे इथे आलेलं मूल या अटीने कर्नाटकाचं होत नाही, आणि दहावी इथे दिल्यामुळे मेडिकलसाठी महाराष्ट्राचंही राहत नाही. नववीत आलेल्या एका मुलीच्या वडिलांना मी हे सांगितलं तेव्हा तिची बारावी संपत आली होती. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. तिच्यापुढे राहिला तो देशभराचा १५ टक्के कोटा आणि खाजगी कॉलेजांची फी. हे बदलीच्या वेळी कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी चार वर्षं एकट्याने राहून काढली असती, असं ते नंतर म्हणाले. घरात आठवी-नववीतलं मूल असेल आणि त्याला डॉक्टर व्हायचं असेल, तर ट्रक ठरवण्याआधी हा हिशेब करा. दोन्ही राज्यांची त्या-त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी माहितीवर जाऊ नका.

जातीचा दाखला असलेल्यांसाठी एक वेगळी सूचना. महाराष्ट्राच्या दाखल्यावर कर्नाटक राज्याचं आरक्षण मिळत नाही. एका राज्यातला अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा स्थलांतराबरोबर दुसऱ्या राज्यात जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्येच स्पष्ट केलं आहे. पण आईवडिलांचं मूळ महाराष्ट्राचं असेल तर मुलांचा दाखला महाराष्ट्रातूनच निघतो, आणि त्यासाठी जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. तो गावाच्या शाळेत कुठल्या तरी लोखंडी पेटीत असतो, आणि बेंगळुरूत बसून तो मिळत नाही. निघण्यापूर्वी गावी एक चक्कर टाका.

पत्त्याचा पुरावा : इथे बहुतेक जण अडकतात

महाराष्ट्रात भाड्याच्या घराचा प्रत्येक करार नोंदवावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधल्या कलम ५५ मुळे आपल्याला त्याची सवय झालेली असते. इथे अकरा महिन्यांचा करार स्टॅम्प पेपरवर होतो, फार तर नोटरी होते, आणि घरमालक तो नोंदवायला सहसा तयार नसतो. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा असल्याने नोंदणीची सक्तीही नसते. करार खरा असतो, तरी खिडकीवरचा माणूस तो परत सरकवतो. लाइट बिल मालकाच्या नावावर असतं. लोक या दोन कागदांत महिनोन्‌महिने फिरत राहतात.

सुटकेचा रस्ता गॅसच्या पुस्तकातून जातो. जुन्या गावी सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर, ज्याला सगळे टीव्ही म्हणतात, ते घ्या. इथला वितरक ते व्हाउचर आणि भाडेकरार पाहून नव्या पत्त्यावर कनेक्शन देतो. गॅसचं ताजं, तीन महिन्यांच्या आतलं बिल आधारच्या पत्त्यासाठी चालतं. घरातल्या एकाचा आधारवरचा पत्ता बदलला की बाकीच्यांचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीने ऑनलाइन बदलता येतो. कुटुंबप्रमुखाला मोबाइलवर संदेश येतो आणि त्याने ३० दिवसांच्या आत मान्यता द्यायची असते. हा संदेश जुन्या नंबरवर गेला आणि मुदत संपली, असं दोन घरांत झालेलं मी पाहिलं आहे. आधी मोबाइल नंबर चालू आहे का ते तपासा.

भाडेकरार करताना एवढं पाहा : तुमचं नाव आधारवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा पतीच्या नावासह असावं. इकडे आद्याक्षरांची पद्धत आहे, टायपिस्ट आपलं ‘सुनीता प्रकाश जाधव’ सहज ‘सुनीता पी’ करतो. सही करण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या.

मतदार यादीसाठी फॉर्म ८ भरायचा. फॉर्म ६ नव्या मतदारांसाठी आहे. तो भरला तर नाव दोन ठिकाणी लागतं, आणि तसं असणं कायद्याला मान्य नाही. रेशनकार्ड रद्द करू नका, अन्नसुरक्षा योजनेचं धान्य ‘एक देश एक रेशनकार्ड’मुळे इथल्या दुकानातही मिळतं. ड्रायव्हिंग लायसन्स देशभर चालतं.

गाडी

इथे सर्वांत जास्त गैरसमज १२ महिन्यांबद्दल आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो. लोक याचा अर्थ ‘वर्षभर काहीच करायला नको’ असा घेतात. पण कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलल्याचं ३० दिवसांत कळवायचं असतं, आणि रोड टॅक्सचा विषय राज्याच्या कायद्याचा असल्याने तो वेगळाच. अकराव्या महिन्यात जाग आली, तर मूळ आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र आणण्यातच वर्ष उलटतं.

ना हरकतसाठी फॉर्म २८, आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याचा पुरावा आणि चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. कोऱ्या कागदाची पट्टी नंबरावर घट्ट धरून वरून पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं उमटतात. गंज किंवा ग्रीस असेल तर आधी फडक्याने पुसा, पुसट प्रिंट परत येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती लागते. कर्ज फिटलं असेल तर आणखी काळजी घ्या : हप्ते संपले म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र देऊन तो उतरवावा लागतो. माझ्या परिचयातल्या एकांचं कर्ज केव्हाच फिटलं होतं. बँकेने दिलेलं पत्र सामान हलवताना हरवलं, आणि नवं पत्र मिळेपर्यंत गाडी जुन्याच नंबरावर फिरत राहिली.

अर्ज दिला की पोच जपून ठेवा. कलम ४८ प्रमाणे आरटीओने ३० दिवसांत ना हरकत द्यायची किंवा कारण देऊन नाकारायची असते. काहीच कळवलं नाही तर ती दिली असं कायदा मानतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि पोचपावतीची तारीख नसेल तर सांगूनही उपयोग होत नाही. ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ हे उत्तर लेखी कधीच मिळत नाही. म्हणून ऑनलाइन अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉटसुद्धा ठेवा.

इथल्या आरटीओत फॉर्म २७, ना हरकत, मूळ आरसी आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जायचं, गाडी तपासणीला न्यायची, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होणारा आजीवन कर भरायचा. नवा नंबर मिळाला की नंबरप्लेट, विमा आणि फास्टॅग तिन्ही बदलून घ्या. वारंवार बदली होत असेल आणि तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत असतील, तर पुढची गाडी बीएच मालिकेत, म्हणजे राज्य बदललं तरी बदलावा न लागणाऱ्या ‘भारत’ नंबरावर, घेण्याचा विचार करा.

महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेला भाग परत मागायचा असतो तो जुन्या आरटीओकडे, आणि त्यासाठी गाडीची नोंदणी दुसऱ्या राज्यात झाल्याचा पुरावा लागतो. मूळ ना हरकत तोवर इथल्या फायलीत गेलेली असते. ती खिडकीत देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा, नव्या कराची पावती आणि नव्या आरसीची प्रत तिला जोडा, आणि पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तो अर्ज हातोहात देऊन शिक्क्यासह पोच घ्या.