काम्पेनडोंक यांच्या खिडक्या : पार्श्वभूमी

जर्मन चित्रकार हाइनरिश काम्पेनडोंक हे नाव आज बहुतेक वेळा एका बनावट चित्राच्या निमित्ताने निघतं. चर्चच्या रंगीत काचांच्या खिडक्यांसाठी (काचचित्रांसाठी) त्यांनी केलेलं काम त्यामुळे मागे पडलं आहे, आणि हा त्यांच्यावरचा अन्यायच आहे.

१८८९ साली जर्मनीतल्या क्रेफेल्डला जन्म, तिथेच कलाशिक्षण, १९११ मध्ये ‘ब्लाउए राइटर’ या आधुनिक चित्रकारांच्या गटात प्रवेश, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचे डच गुरू मात्र फारसे आठवले जात नाहीत. जर्मनीतल्याच नॉइस शहरातल्या चर्चसाठी या गुरूंनी खिडक्या तयार केल्या होत्या, पण वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांच्या विरोधामुळे त्या बसायला १९१९ साल उजाडलं. आधुनिक काचचित्राला पहिला अडसर घातला तो चर्चनेच; सरकार नंतर आलं. पुढे १९२६ मध्ये काम्पेनडोंक ड्युसेलडॉर्फच्या अकादमीत प्राध्यापक झाले.

१९३३ मध्ये नव्या नाझी राजवटीने त्यांना अध्यापनातून दूर केलं. काचचित्रकाराच्या बाबतीत याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. कॅनव्हासवर काम करणारा दार लावून, चोरून का होईना, रंगवू शकतो. खिडकीचं तसं नसतं. आधी पूर्ण मापाचं रेखाटन, मग त्यावरून काच कापणारे कारागीर, काळ्या रेषा काचेत पक्क्या करणारी भट्टी, तुकडे सांधणाऱ्या शिशाच्या पट्ट्या आणि मुळात खिडकी सोपवणारं चर्च, एवढं सगळं लागतं. यातलं काहीही ट्रंकेत भरून सीमेपार नेता येत नाही.

ते आधी बेल्जियमला गेले. १९३५ पासून ॲम्स्टरडॅममध्ये शिकवू लागले आणि काच पुन्हा हाती आली. १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात डच दालनातल्या त्यांच्या ख्रिस्तयातनेच्या खिडकीला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १९ जुलैला म्युनिकमध्ये नाझींनी आधुनिक कलेला हिणवण्यासाठी ‘विकृत कला’ म्हणून भरवलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं टांगली गेली. ती चित्रं सार्वजनिक संग्रहालयांतून उचललेली होती. १९३८ च्या कायद्याने अशा जप्तीला भरपाईविना मान्यता मिळाली. चर्चमधल्या काचा या कायद्याच्या कक्षेबाहेर होत्या, मात्र ऱ्हाइनकाठच्या कित्येक खिडक्या पुढे बॉम्बहल्ल्यांत फुटल्या.

मे १९४० मध्ये जर्मन फौजा ॲम्स्टरडॅमलाही पोहोचल्या.

युद्ध संपल्यावर ते जर्मनीत राहायला परतले नाहीत, यावर आजही मतभेद होतात. ड्युसेलडॉर्फच्या विद्यार्थ्यांना त्यांची गरज होती, असं काहींना वाटतं. पण एका पिढीची पुनर्बांधणी हाकलून दिलेल्या माणसाने करावी, ही अपेक्षा मुळातच अवाजवी आहे. शिवाय त्यांनी त्या देशाकडे पाठ फिरवली, असंही म्हणता येत नाही: एसेनच्या मुख्य चर्चमध्ये त्यांच्या खिडक्या आहेत. १९५७ मध्ये ॲम्स्टरडॅमलाच त्यांचं निधन झालं.

छळाच्या काळात चित्रं जप्त झाली, विकली गेली, मालकीच्या नोंदी तुटल्या. नेमक्या याच पोकळीचा फायदा पुढे एका टोळीने घेतला. २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात त्यांच्या नावावरचं, १९१४ सालचं म्हणून मांडलेलं घोड्यांचं चित्र सुमारे २९ लाख युरोंना गेलं. तपासणीत त्यात टायटॅनियम पांढरा सापडला. १९१४ मध्ये चित्रकारांना हा रंग मिळतच नव्हता. २०११ मध्ये टोळीला शिक्षा झाली. चित्रामागे एका ज्यू कलाविक्रेत्याच्या संग्रहाची चिठ्ठी होती. त्याला नाझींमुळे देश सोडावा लागला होता. ती चिठ्ठीही बनावट निघाली.