जठराच्या प्रगत कर्करोगावरील संयुक्त प्रतिरक्षा-रसायनोपचार

शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या, किंवा यकृत, पर्युदर (पोटाच्या पोकळीचे अस्तर) आदी ठिकाणी पसरलेल्या जठर-कर्करोगात केमोथेरपी आणि इम्युनोथेरपी सुरुवातीपासूनच एकत्र देण्याची पद्धत. आयुष्य वाढवणे व त्रास आटोक्यात ठेवणे हा तिचा मुख्य हेतू असतो. सामान्यतः ऑक्सॅलिप्लाटिन व कॅपेसिटाबिन यांच्या जोडीला निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब शिरेतून दिले जाते.

टी पेशी या प्रतिकारशक्तीच्या मारक पेशी; त्यांना आवर घालणारा पीडी-१ हा त्यांच्यावरील ग्राही १९९२ मध्ये क्योटो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडला; निव्होलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब यांनी त्याला अडवले की या पेशींची मारकशक्ती मोकळी होते. केमोथेरपीने मरणाऱ्या कर्कपेशींतून प्रतिजने (प्रतिरक्षा यंत्रणेला ओळखू येणारे पदार्थ) बाहेर पडून ही क्रिया बळावते, असे एक मत आहे. दोन्ही उपचारांचे लाभ केवळ एकमेकांत मिळवले जातात, असे दुसरे. आजवरचे आकडे पाहता हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

लाभ कोणाला, हा खरा वादाचा प्रश्न आहे. गाठीच्या तुकड्यात पीडी-एल१चा (पीडी-१ला चिकटणाऱ्या प्रथिनाचा) रंग धरणाऱ्या कर्कपेशी, लसीका पेशी व महाभक्षी पेशी मोजून त्या संख्येला जिवंत कर्कपेशींच्या संख्येने भागतात व १०० ने गुणतात. हा सीपीएस अंक होय. मोजणीसाठी किमान १०० जिवंत कर्कपेशी लागतात, आणि एकाच गाठीच्या दोन टोकांकडून घेतलेल्या तुकड्यांचा अंक वेगळा येऊ शकतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,५८१ रुग्णांच्या चेकमेट-६४९ चाचणीत सीपीएस ५ वा अधिक असताना मध्यक आयुर्मान केवळ केमोथेरपीच्या ११.१ वरून निव्होलुमॅब जोडल्यावर १४.४ महिन्यांवर गेले. आशियातील अ‍ॅट्रॅक्शन-४ चाचणीत मात्र एकूण आयुर्मान वाढले नाही. नंतर मिळालेल्या इतर उपचारांमुळे फरक झाकला गेला असावा. सीपीएस १ पेक्षा कमी असल्यास लाभ संशयास्पद असल्याचे मत अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये बहुमताने दिले. कर्कपेशींवरील हर-२ प्रथिन वाढलेल्या रुग्णांत त्याला रोखणारे ट्रास्टुझुमॅबही जोडतात.

जुलाब कॅपेसिटाबिनमुळेही होतात व प्रतिरक्षाजन्य आतड्याच्या दाहामुळेही. दुसऱ्या प्रकारात स्टेरॉइड लागते, म्हणून रुग्णाने ते अंगावर काढू नयेत.

गोव्यात, जिथे पावसाळ्याच्या बेगमीसाठी मासळी खारवून सुकवतात, अतिमीठ हा या रोगाचा संभाव्य धोका म्हणून नोंदवणे अगत्याचे आहे. उपचारांसाठी बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि मुंबईही गाठली जाते. खर्चामुळे अल्पमात्रेचा विचार पुढे येतो. टाटा स्मारक रुग्णालयाने २० मिलिग्रॅम निव्होलुमॅबचा लाभ दाखवला तो डोके व मानेच्या कर्करोगात, त्यामुळे तो जठराला तसाच लावणे तूर्त अकाली ठरेल.