नदी-नाल्यांच्या पाण्याचा तपासणी अहवाल मिळवण्यासाठी अर्ज कसा करावा: ठाणे व नवी मुंबई

पारसिकच्या डोंगरातून निघणारे ओढे दिघा, रबाळे, महापे, पावणे या औद्योगिक पट्ट्यातून आणि वस्त्यांमधून वाहत ठाणे खाडीला मिळतात. अशा ओढ्याच्या पाण्याचा रंग बदलला किंवा उग्र दर्प येऊ लागला, की नागरिकाला दोन मार्ग मोकळे असतात. पूर्वी झालेल्या तपासण्यांचे अहवाल माहिती अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतात आणि नव्याने नमुना घ्यावा यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते. ही दोन कामे एकाच अर्जात मिसळू नयेत, कारण जन माहिती अधिकारी दप्तरी असलेली माहिती देतो. नवी तपासणी करून देण्यास तो बांधील नसतो.

माहितीचा अर्ज कोणत्याही भारतीय नागरिकाला करता येतो. गृहनिर्माण संस्था किंवा मंडळाच्या नावाने अर्ज न करता एखाद्या सदस्याने तो स्वतःच्या नावाने करणे सुरक्षित ठरते. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही. विहित नमुन्यातील अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावावे; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क माफ असते, मात्र त्याचा दाखला जोडावा लागतो. राज्य शासनाच्या ऑनलाइन संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो.

कारखान्यांचे सांडपाणी, नद्या आणि खाडी यांच्या तपासणीसाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ठाणे किंवा नवी मुंबई प्रादेशिक कार्यालयाकडे, तर मैलापाणी व शहरी नाल्यांसाठी महानगरपालिकेच्या संबंधित विभागाकडे अर्ज करावा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग व्हायला हवा. महापालिका आयुक्त दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवतात, तो अर्ज लिहिण्याआधी वाचावा.

सर्वाधिक काळजी मजकुराची घ्यावी. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा. ‘नाल्याच्या प्रदूषणाची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले, तर उत्तरही मोघमच येते. त्याऐवजी नाल्याचे नाव, पूल किंवा रस्त्याची खूण आणि कालावधी देऊन प्रत्येक नमुन्याच्या प्रयोगशाळा अहवालाची प्रत, नमुना घेतल्याचे ठिकाण, तारीख व वेळ मागावी. वेळ अवश्य मागावी, कारण खाडीलगतच्या नाल्यांत भरतीचे पाणी आत शिरते आणि भरतीच्या वेळी घेतलेला नमुना वरून येणाऱ्या सांडपाण्याचे खरे चित्र दाखवीलच असे नाही. विरघळलेला ऑक्सिजन, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन), सामू (पाण्याची आम्लता किंवा अल्कता, म्हणजेच पीएच) आणि कोलिफॉर्म (मैलापाण्याची खूण असलेले जिवाणू) हे घटक नावानिशी लिहावेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात उघड्यावर स्नानायोग्य पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी कमाल ३ मिलिग्रॅम अपेक्षित आहे. मिळालेले आकडे याच्याशी ताडून पाहता येतात.

तक्रारीत ठिकाण, तारीख, वेळ, भरती-ओहोटी आणि छायाचित्रे द्यावीत. स्वतः बाटलीत भरून आणलेले पाणी लक्ष वेधण्यास उपयोगी पडते, पण कारखान्याचे सांडपाणी कायद्याने सिद्ध करण्यास ते पुरत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ च्या कलम २१ मध्ये नोटीस देणे, नमुन्याचे भाग करणे, मोहोर लावणे व सह्या घेणे ही पद्धत सांगितली आहे आणि ती मंडळाच्या अधिकाऱ्यानेच पाळायची असते. शिवाय विरघळलेला ऑक्सिजन बाटलीत टिकत नाही, म्हणून तो जागेवरच रसायने घालून बांधावा, म्हणजे स्थिर करावा लागतो: तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. घरी नेऊन दुसऱ्या दिवशी तपासलेल्या पाण्याचा ऑक्सिजनचा आकडा म्हणूनच विश्वासार्ह नसतो. तक्रारीची पोच घ्यावी. पुढे त्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते.

माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. मुदत उलटल्यावर मिळणाऱ्या प्रतींसाठी शुल्क आकारता येत नाही. उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास ३० दिवसांच्या आत वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह प्रथम अपील करावे आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील दाखल करावे. दोन्ही अपिलांना मूळ अर्ज, पोच आणि आलेले उत्तर यांच्या प्रती जोडाव्यात.