चीनच्या भिंतीवरची फारकत

लाल झग्यातली बाई डोळे उघडते. समोर पिकल्या दाढीचा तिचा जुना जोडीदार बसलेला असतो. तिच्या डोळ्यांना धार लागते, ती टेबलावरून हात पुढे करते. २०१० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ती टेबलापाशी गप्प बसायची आणि प्रेक्षक एकेक करून समोर येऊन बसायचे. त्या प्रदर्शनातली ही चित्रफीत ‘कित्येक वर्षांनी अचानक गाठ पडली’ म्हणून अजून मोबाइलवर फिरते. अचानक वगैरे काही नव्हतं. प्रदर्शनाआधीच दोघं भेटले होते.

ती बाई म्हणजे मरीना अब्रामोविच, बेलग्रेडची. तो जोडीदार म्हणजे उलाय, जर्मनीतल्या झोलिंगनचा. दोघंही परफॉर्मन्स कलावंत, म्हणजे स्वतःचं शरीर वापरून प्रेक्षकांसमोर कला सादर करणारे. वाढदिवस एकच, ३० नोव्हेंबर. १९७६ पासून दोघं एकत्र काम करू लागले. काही वर्षं तर एका जुन्या व्हॅनमध्येच राहिले. नातं हाच त्यांच्या कामाचा कच्चा माल. १९८० च्या एका प्रयोगात धनुष्य तिच्या हातात आणि ताणलेली प्रत्यंचा त्याच्या. बाणाचं टोक तिच्या काळजावर. चार मिनिटं दोघं तसेच मागे रेलून उभे होते. पुढे १९८१ ते १९८७ या काळात टेबलाच्या दोन टोकांना तासन्‌तास गप्प बसण्याचे प्रयोग झाले. न्यूयॉर्कमधल्या त्या टेबलाचं मूळ इथे आहे, हे चित्रफीत बघणाऱ्याला कळत नाही.

चीनच्या भिंतीची कल्पनाही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. दोन टोकांहून निघायचं, मध्ये भेटायचं आणि तिथेच लग्न करायचं! चिनी सरकारच्या परवानगीला वर्षं लागली. तोवर दोघांचं फाटलं होतं. तरी बेत मोडला नाही, फक्त लग्नाच्या जागी फारकत आली. मला यातलं हेच सर्वांत धीट वाटतं. ३० मार्च १९८८ रोजी ती पूर्वेकडून, समुद्राच्या बाजूने निघाली. तो पश्चिमेकडून, गोबीच्या वाळवंटाच्या बाजूने. नव्वद दिवस चालून, प्रत्येकी दोन हजारांवर किलोमीटर तुडवून २७ जूनला शाआन्शी (Shaanxi) प्रांतात भेटले, मिठी मारली आणि वेगळे झाले.

राहिला हिशेब. एकत्र केलेल्या कलाकृतींच्या विक्रीचे पैसे आणि श्रेय मिळत नाही, म्हणून उलायने २०१५ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने त्याला अडीच लाखांवर युरो देववले, शिवाय नावांचा क्रमही ठरवून दिला: १९८० पर्यंतच्या कामांवर आधी उलाय, त्यानंतरच्यांवर आधी अब्रामोविच.