युक्तिवादाच्या पेपरसाठी खात्रीचे संदर्भ

एखाद्या प्रश्नावर ठाम बाजू घेऊन पेपर लिहायचा असतो तेव्हा आपलं म्हणणं कशाच्या जोरावर उभं आहे ते वाचणाऱ्याला तपासता यावं, यासाठी संदर्भ देतात. बरेच विद्यार्थी आधी पेपर लिहून काढतात आणि मग त्याला शोभतील असे संदर्भ शोधत बसतात, इथेच सगळं बिघडतं, कारण मग सर्चमध्ये "अमुकचे तोटे" टाकलं की फक्त तोटेच समोर येतात. प्रश्न तटस्थ शब्दांत टाकावा, आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात दमदार लेख मुद्दाम शोधून वाचावा, त्याला उत्तर दिल्याशिवाय युक्तिवाद पुरा होत नाही.

सुरुवात विकिपीडियापासून केली तरी हरकत नाही, पण संदर्भ म्हणून त्याचं नाव न देता खालच्या तळटीपांतून मूळ लेखापर्यंत जायचं. गूगल स्कॉलर, म्हणजे संशोधन लेख शोधायचं गूगलचं सर्च, २००४ पासून आहे आणि फुकट आहे, मात्र त्यात दिसलेलं सगळंच तज्ज्ञांनी तपासलेलं असतं असं नाही.

साइट भरवशाची आहे का हे तिच्या "आमच्याविषयी" पानावरून कळत नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि फॅक्टचेकर (बातम्या-दाव्यांची सत्यता तपासणारे) अशा ४५ जणांना साइट तपासायला दिल्या, तर फॅक्टचेकर ती साइट लगेच सोडून नवीन टॅब उघडायचे आणि तिच्याबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघायचे, त्यामुळे ते कमी वेळात बरोबर निष्कर्षाला आले. ही सवय खरंच लावून घ्यावी.

नामांकित जर्नलमध्ये छापून आलं म्हणजे विषय संपला असंही नाही. एमएमआर लस (गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची) आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा ब्रिटिश डॉक्टर वेकफिल्ड यांचा लेख १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला, त्यात मुलं होती फक्त १२, आणि २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. म्हणून लेख वापरण्याआधी तो मागे घेतलाय का हे बघायचंच, आणि किती जणांवरून निष्कर्ष काढलाय तेही.

संदर्भ लिहायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत, एमएलएमध्ये मजकुरात लेखक आणि पान क्रमांक येतो, एपीएमध्ये लेखक आणि वर्ष, शिक्षक सांगतील ती शेवटपर्यंत पाळायची. दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडलं तरी संदर्भ लागतोच, हे अनेकांना माहीतच नसतं आणि नकळत चोरी होते. चॅटबॉटने दिलेला संदर्भ उघडून वाचल्याशिवाय टाकू नये, अस्तित्वातच नसलेले लेख तो अगदी खऱ्यासारखे लिहून देतो. डीओआय, म्हणजे लेखाला दिलेला कायमचा ओळख क्रमांक, असेल तर तो द्यावा, लेखाचा पत्ता बदलला तरी त्यावरून लेख सापडतो. साध्या वेबपानाला ती सोय नसते, त्यामुळे ते वाचतानाच वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर जतन करून ठेवावं आणि बघितल्याची तारीख लिहून ठेवावी.