रिक्रूटरच्या शोधात येणारे आणि पडताळणीत टिकणारे लिंक्डइन प्रोफाइल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे लिंक्डइन प्रोफाइल सुधारून घेण्यासाठी येणारे बहुतेक ग्राहक पहिल्याच भेटीत सांगतात, की प्रोफाइल पूर्ण भरले आहे, फोटो लावला आहे, कनेक्शनही पुष्कळ आहेत, तरी रिक्रूटरचा, म्हणजे कंपन्यांसाठी उमेदवार शोधणाऱ्यांचा, एकही संदेश येत नाही. असे प्रोफाइल उघडून पाहिले, तर मजकूर सहसा वाईट नसतो. मात्र रिक्रूटर ज्या शब्दांनी शोध घेतात, ते शब्द त्यात नसतात. प्रोफाइल आधी शोधात सापडावे लागते आणि नंतर कागदपत्रांच्या पडताळणीत टिकावे लागते. प्रोफाइल लिहिताना या दोन्ही गोष्टींचा विचार आम्ही कसा करतो आणि त्यासाठी आपल्याकडून काय लागते, हे या पत्रकात दिले आहे.

शोध कसा चालतो

मोठ्या कंपन्यांचे रिक्रूटर लिंक्डइनचे ‘रिक्रूटर’ नावाचे सशुल्क साधन वापरतात. त्यात पदनाम, कौशल्ये, ठिकाण, अनुभवाची वर्षे, आजवरच्या कंपन्या आणि शिक्षण अशा चाळण्या लावता येतात, तसेच ‘अँड’, ‘ऑर’, ‘नॉट’ हे शब्द वापरून शोधवाक्यही बांधता येते. पुण्याच्या भोसरी-चाकण पट्ट्यातील एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यासाठी माणूस हवा असेल, तर ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर’ (पुरवठादारांच्या मालाचा दर्जा पाहणारा अभियंता) किंवा त्याचे लघुरूप ‘एसक्यूई’, सोबत ‘पीपॅप’ (नवा भाग मंजूर करून घेण्याची पद्धत) आणि ‘कास्टिंग’ (ओतीव भाग), असे शोधवाक्य लिहिले जाते. आपण हे काम सहा वर्षे करत असाल, पण प्रोफाइलवर केवळ ‘मेकॅनिकल इंजिनिअर’ असे लिहिले असेल, तर त्या यादीत आपले नाव येण्याचा संभव कमी असतो. त्यामुळे पदाचे पूर्ण नाव आणि त्याचे प्रचलित लघुरूप, दोन्ही मजकुरात कोठेतरी आले पाहिजे.

लहान कंपन्यांचे एचआर आणि स्वतंत्र कन्सल्टंट यांच्याकडे हे महागडे साधन नसते. ते मोफत खाते किंवा त्याच साधनाची ‘लाइट’ आवृत्ती वापरतात, आणि तेथे शोधाची मजल मुख्यतः स्वतःच्या संपर्कजाळ्यापुरती, म्हणजे ओळखीच्या तिसऱ्या कडीपर्यंतच जाते. यासाठी आपल्या क्षेत्रातील जुने सहकारी, पुरवठादार, महाविद्यालयातील वर्गमित्र आणि त्या भागात भरती करणारे कन्सल्टंट यांच्याशी जोडलेले असणे उपयोगी पडते. पाचशेच्या पुढे लिंक्डइन नेमका आकडा दाखवतच नाही, तेव्हा केवळ संख्या वाढवण्यासाठी अनोळखी लोकांना विनंत्या पाठवत बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

ठिकाणाच्या रकान्याकडे पुष्कळांचे लक्ष जात नाही. आपण सातारा किंवा अहिल्यानगर येथे राहत असाल आणि पुण्यात येण्याची तयारी असेल, तर ‘पुणे’ अशी चाळणी लावणाऱ्या रिक्रूटरला हे आपोआप कळत नाही. इच्छित ठिकाणे नोंदवण्याची सोय ‘ओपन टू वर्क’ या सुविधेत आहे. ती पुढे पाहू.

हेडलाइन

नावाखालच्या हेडलाइनसाठी २२० अक्षरांची जागा मिळते, आणि शोधाच्या यादीत रिक्रूटरला नाव व फोटो यांच्या जोडीला सर्वप्रथम तीच दिसते. वर उल्लेख केलेल्या अभियंत्याचे उदाहरण पुढे नेऊ. त्याची हेडलाइन अशी आहे असे समजा : ‘मेकॅनिकल इंजिनिअर, नामांकित कंपनीत कार्यरत, मेहनती व नवीन शिकण्यास उत्सुक’. यातील ‘मेहनती’ हा शब्द कोणीही रिक्रूटर शोधपट्टीत लिहीत नाही, आणि ‘नामांकित कंपनी’ म्हणजे कोणती, हेही कळत नाही. आम्ही ती पुढीलप्रमाणे लिहू : ‘सप्लायर क्वालिटी इंजिनिअर (एसक्यूई) | ॲल्युमिनियम कास्टिंग व मशीनिंग | पीपॅप, एसपीसी, एमएसए, एट-डी | आयएटीएफ १६९४९ इंटर्नल ऑडिटर | पुणे’. (एसपीसी, एमएसए, एट-डी या दर्जा राखण्याच्या पद्धती आहेत आणि आयएटीएफ १६९४९ हे वाहनउद्योगाचे गुणवत्ता मानक आहे.) प्रत्यक्ष प्रोफाइलवर हा मजकूर इंग्रजीतच ठेवावा, कारण शोध इंग्रजीत घेतला जातो. इंटर्नल ऑडिटरचे प्रमाणपत्र हाती नसेल, तर तो तुकडा गाळावा. मुलाखतीत पहिला प्रश्न नेमका त्यावरच येतो.

लेखापालांच्या बाबतीतही हेच घडते. ‘अकाउंटंट’ एवढेच लिहिण्यापेक्षा टॅली प्राइम, जीएसटीआर-१ व ३बी, टीडीएस रिटर्न, बँक रिकन्सिलिएशन यांपैकी जे आपण स्वतः हाताळता, ते लिहावे. सीएच्या कार्यालयाकडे कागद पाठवणे आणि रिटर्न स्वतः भरणे यांतला फरक भरती करणाऱ्यांना चांगला कळतो.

अनुभवाचा भाग : येथे घाई करू नये

आमचा सर्वाधिक वेळ या भागावर जातो. प्रत्येक नोकरीच्या वर्णनाला २,००० अक्षरांची मर्यादा आहे, पण ती भरून काढण्याची गरज नाही; चार-पाच ठोस वाक्ये पुरतात. ‘क्वालिटीशी संबंधित विविध जबाबदाऱ्या सांभाळल्या’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी ‘चार पुरवठादारांकडून येणाऱ्या कास्टिंगची इनकमिंग तपासणी, ब्लोहोलमुळे होणारे रिजेक्शन ४ टक्क्यांवरून दीड टक्क्यापर्यंत आणले, त्यासाठी पुरवठादाराच्या डायमधील व्हेंटिंग बदलून घेतले’ असे लिहिले, तर भाग कोणता, दोष कोणता (ब्लोहोल म्हणजे ओतीव भागात राहणारी हवेची पोकळी) आणि उपाय कोणता (व्हेंटिंग म्हणजे साच्यातून हवा बाहेर जाण्याची वाट), हे तिन्ही कळते. तो आकडा कोणत्या काळातला, किती नगांवर मोजलेला आणि त्यात आपला वाटा किती, हे आम्ही आपल्याला विचारू. उत्तर देता येत नसेल, तर आकडा न लिहिलेला बरा. कंपनीच्या ग्राहकाचे नाव किंवा किमती गोपनीय असतील, तर ‘एक दुचाकी उत्पादक’ असा मोघम उल्लेख करावा.

पदनामाचा प्रश्न नाजूक आहे. अनेक कंपन्यांत पदांना ‘ऑफिसर ग्रेड २’ यासारखी अंतर्गत नावे असतात, जी बाहेर कोणी शोधत नाही. अशा वेळी पदाच्या रकान्यात उद्योगात रूढ असलेले कामाचे नाव लिहावे आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत नियुक्तिपत्रातील पदनाम जसेच्या तसे द्यावे. कामाचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी नाव बदलणे आम्हाला मान्य आहे. दर्जा चढवून ‘इंजिनिअर’चे ‘मॅनेजर’ करणे मान्य नाही, आणि ग्राहकाने आग्रह धरला तरी ते आम्ही लिहून देत नाही.

नोकरीच्या तारखांबाबत आम्ही याहून काटेकोर असतो. ऑफर देण्यापूर्वी किंवा रुजू झाल्यावर कंपन्या बहुधा त्रयस्थ संस्थेकडून पार्श्वभूमी तपासून घेतात. त्यात रिलीव्हिंग लेटरबरोबरच (नोकरीतून मुक्त केल्याचे पत्र) भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफच्या) यूएएन खात्यातील, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणाऱ्या क्रमांकाच्या खात्यातील, सेवेचा तपशील मागितला जातो, आणि त्यात कोणत्या आस्थापनेत आपण केव्हा रुजू झालात व केव्हा सोडलेत, हे नोंदलेले असते. प्रोफाइलवर जून, रेझ्युमेत एप्रिल आणि यूएएन खात्यात ऑगस्ट, अशी विसंगती असेल, तर हेतू निर्मळ असूनही खुलासे देत बसावे लागते. मधली तीन महिन्यांची नोकरी गाळून दोन्ही बाजूंच्या तारखा ताणण्याचा मोह पुष्कळांना होतो, पण त्या नोकरीत पीएफ कापला गेला असेल, तर ती तेथे दिसतेच.

कंत्राटी पेरोलवर काम केलेल्यांची अडचण वेगळी असते. काम मोठ्या कारखान्यात, ओळखपत्रही तेथलेच, पण पगार आणि पीएफ मात्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेकडून, ही स्थिती औद्योगिक पट्ट्यात सर्रास आढळते. अशा नोकरीत कंपनीच्या रकान्यात पगार देणाऱ्या संस्थेचे नाव लिहावे आणि वर्णनाच्या सुरुवातीला ‘अमुक कंपनीच्या चाकण प्रकल्पात नेमणूक’ असा उल्लेख करावा, अर्थात करारात तशी मनाई नसेल तरच. मोठे नाव मजकुरात आल्यामुळे ते शब्दशोधात सापडू शकते, आणि पडताळणीत अडचणही येत नाही.

नोकरीत खंड पडला असेल, तर तो दडवू नये. लिंक्डइनवर २०२२ पासून ‘करिअर ब्रेक’ अशी स्वतंत्र नोंद करता येते. मुलांचे संगोपन, घरातील आजारपण, नोकरकपात किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिलेली वर्षे तेथे एका वाक्यात लिहावीत. एमपीएससीची तयारी केली हे सांगायला अनेक तरुण संकोचतात; आमच्या मते कारण न देता सोडलेल्या दोन वर्षांपेक्षा ही नोंद केव्हाही चांगली.

अबाउट, कौशल्ये आणि फोटो

‘अबाउट’ या स्वतःच्या परिचयाच्या भागात २,६०० अक्षरे मावतात, पण वाचकाने ‘आणखी पाहा’ दाबेपर्यंत पहिल्या काही ओळीच दिसतात. त्या ओळींत आपण कोणते काम, कोणत्या उद्योगात, किती वर्षे करत आहात आणि पुढे काय हवे आहे, एवढे आले की भागते. राजीनामा दिलेला असेल, तर शेवटचा कामाचा दिवस जरूर लिहावा. तीन-तीन महिन्यांच्या नोटिस पिरियडमुळे बेजार झालेल्या रिक्रूटरसाठी ती एक ओळ फार मोलाची असते. सध्याचा पगार मात्र लिहू नये.

कौशल्यांच्या यादीत शंभरापर्यंत नोंदी करता येतात. तरीही ‘टीमवर्क’, ‘कम्युनिकेशन’ यांनी जागा अडवू नये. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या सध्याच्या जाहिराती समोर ठेवून त्यांत वारंवार येणारी आणि आपल्याला खरोखर येणारी कौशल्येच नोंदवावीत. फोटो अलीकडचा, साध्या पार्श्वभूमीवरचा आणि चेहरा स्पष्ट दिसणारा असावा. लग्नसमारंभातील फोटो कापून लावला, की खांद्यावर दुसऱ्याचा हात तेवढा उरतो, आणि तो सर्वांना दिसतो.

सध्याच्या कंपनीला न कळता

‘ओपन टू वर्क’ ही सुविधा दोन प्रकारे चालू करता येते. सर्वांना दिसेल असा पर्याय निवडल्यास फोटोभोवती हिरवी पट्टी येते. केवळ रिक्रूटरना दिसेल असा पर्याय निवडल्यास पट्टी येत नाही. दुसऱ्या पर्यायात आपल्याच कंपनीच्या रिक्रूटरना ही माहिती दिसू नये याची काळजी लिंक्डइन घेते, परंतु पूर्ण गोपनीयतेची हमी देत नाही. सध्याची नोकरी टिकवून शोध घेणाऱ्यांनी हा धोका समजून मगच निर्णय घ्यावा. येथे पाचपर्यंत पदनामे आणि इच्छित ठिकाणे नोंदवता येतात. नोकरी सुटलेली असेल, तर हिरवी पट्टी लावण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मजकूर बदलण्यापूर्वी, प्रोफाइलमधील बदल संपर्कातील लोकांना कळवण्याची सूचना बंद असल्याची खात्री करावी. एकाच संध्याकाळी हेडलाइन, फोटो आणि चार नोकऱ्यांची वर्णने बदललेली वरिष्ठांच्या लक्षात आली, तर त्याचा अर्थ त्यांना सांगावा लागत नाही.

संदेश आल्यावर

रिक्रूटरने पाठवलेला ‘इनमेल’ (संपर्कात नसलेल्यांनाही पाठवता येणारा लिंक्डइनचा संदेश) हा त्यांच्या मर्यादित कोट्यातून जातो, आणि ९० दिवसांच्या आत उत्तर मिळाले तर ते क्रेडिट त्यांना परत मिळते, मग उत्तर नकाराचे असले तरीही. म्हणून पद पसंत नसेल, तरी दोन ओळींत तसे कळवावे आणि आपल्याला कोणत्या प्रकारचे काम चालेल तेही सांगावे.

सर्वच संदेश खरे नसतात. भरतीचा खर्च सर्वसाधारणपणे कंपनी करते. त्यामुळे नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत अशा नावाखाली पैसे मागणाऱ्याशी पुढचा व्यवहार करू नये. परदेशातील नोकरीसाठी संपर्क आल्यास तो एजंट १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावे. फसवणूक झालीच, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. आपल्या स्वतःच्या खात्याबद्दल समोरच्याला खात्री वाटावी, यासाठी लिंक्डइनवर डिजिलॉकरमार्फत आधारच्या साहाय्याने ओळख पडताळून घेण्याची सोय भारतात आहे, आणि ती आम्ही करून घ्यायला सांगतो.

आमच्याकडे येताना

पहिल्या भेटीला येताना सर्व नियुक्तिपत्रे व रिलीव्हिंग लेटर, यूएएन खात्यातील सेवेचा तपशील, सध्याचा रेझ्युमे आणि आपण आनंदाने अर्ज कराल अशा तीन-चार जाहिराती सोबत आणाव्यात. जाहिरातींविना आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी त्या शोधायला बसवतो, कारण कोणत्या पदासाठी लिहायचे हे ठरल्याशिवाय हेडलाइनचा पहिला शब्दसुद्धा ठरत नाही. नोकरी मिळवून देण्याची किंवा ठरावीक मुदतीत मुलाखती येतील याची हमी आम्ही देत नाही. नवा मजकूर लागू झाल्यावर आपण किती शोधांत दिसलात याचा आकडा लिंक्डइन दाखवते, तो आम्ही काही आठवडे आपल्याबरोबर पाहतो आणि गरजेप्रमाणे शब्द बदलतो. आपल्या खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही मागत नाही. सर्व बदल आमच्या कार्यालयात आपण स्वतः, आपल्याच मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर करायचे असतात.