छाती फक्त एक मीटरची

भाचा मित्रांबरोबर परभणीहून मालवणला जाऊन आला. मोबाइलमध्ये अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: हा पाण्याखाली, भोवती पट्टेरी मासे, आणि कॅमेऱ्याकडे बघून ऐटीत अंगठा वर. मला हसू फुटलं. पाणबुड्यांच्या खुणांमध्ये अंगठा वर म्हणजे ‘झकास’ नव्हे, ‘मला वर जायचंय’. त्याला दोनदा मधूनच वर का आणलं, याचा उलगडा तिथेच झाला.

त्याची तक्रार मात्र वेगळीच होती. “मामा, मी आपल्या विहिरीत दम धरून तळाची माती काढणारा माणूस. अन् तिथला पोरगा मला दम सोडायला शिकवायलाय!”

पोरगा बरोबर होता. पण त्याआधी एक भ्रम काढून टाकू. स्कूबाच्या, म्हणजे पाठीवर बांधून पाण्याखाली श्वास घ्यायच्या, टाकीत ऑक्सिजन नसतो. बातम्यांत सर्रास ‘ऑक्सिजन सिलिंडर’ छापतात, पण त्यात असते आपली नेहमीचीच हवा, गाळून, कोरडी करून, सुमारे २०० पट दाबाने कोंबलेली. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या खाली मेंदूला बाधू लागतो, झटके येऊ शकतात. १२ लिटरच्या टाकीत साधारण २,४०० लिटर हवा मावते.

मग एवढं ओझं कशाला? पपईच्या देठाची नळी तोंडात धरून पाण्यात बसायचा खेळ आम्ही लहानपणी केलाय. वीतभर खोलीवर जमतं. नळी लांब केली तर? एक मीटर खाली दर चौरस सेंटिमीटरला पाण्याचा १०० ग्रॅम जादा भार असतो. छाती-पोटाचा समोरचा भाग हजारेक चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे एक क्विंटल, सोयाबीनचे दोन कट्टे. एरवी हा भार जाणवत नाही, कारण आतली हवाही तेवढ्याच जोराने बाहेर रेटते. पण नळीतली हवा वरच्या मोकळ्या हवेच्या दाबाची, ती बिचारी काय रेटणार? श्वास ओढणारे स्नायू जिवाच्या आकांताने जेमतेम एक मीटर पाण्याएवढाच जोर लावू शकतात, तोही क्षणभर. तेव्हा कमळाच्या देठातून श्वास घेत डोहाच्या तळाशी लपणारे वीर गोष्टींतच शोभतात.

उपाय एकच. जेवढा दाब बाहेर, तेवढ्याच दाबाची हवा तोंडात यायला हवी, आणि खोली बदलेल तसा तो दाब आपोआप बदलायला हवा. हे काम करतो रेग्युलेटर, आणि माझा जीव जडलाय तो याच्यावर. घरच्या गॅस सिलिंडरवर जो बसवतो, त्याचाच हा चुलतभाऊ. दोन्हींत एक रबरी पडदा असतो. गॅसच्या रेग्युलेटरमध्ये पडद्याच्या एका बाजूला गॅस, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग आणि बाहेरची हवा. स्कूबात तोंडाजवळच्या डबीत पडद्याच्या बाहेर थेट समुद्राचं पाणी. तुम्ही श्वास ओढलात की पडदा आत झुकतो, तरफ दबते, झडप उघडते, हवा येते. आतला दाब बाहेरच्या पाण्याएवढा झाला की पडदा जागेवर आणि झडप बंद. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीसवर तिप्पट. किती दाबाची हवा द्यायची, हे पाणीच ठरवतं! फ्रान्समध्ये युद्धकाळात पेट्रोलची टंचाई होती, तेव्हा एमिल गान्यां या अभियंत्याने मोटारी गॅसवर चालवण्यासाठी असा रेग्युलेटर तयार केला होता. झाक कूस्तो या नौदल अधिकाऱ्याच्या साथीने १९४३ मध्ये त्याचंच पाण्याखाली श्वास घ्यायचं यंत्र झालं.

किंमतही मोजावी लागते. दहा मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट हवा खर्च होते. मिनिटाला २० लिटर धरले तर वर दोन तास पुरणारी टाकी तिथे तासाभरात रिकामी.

आता भाच्याकडे वळू. विहिरीत तो वरूनच छातीभर हवा घेऊन बुडी मारतो. खाली जाताना ती आकसते, वर येताना मूळ मापाला येते. हिशोब बरोबर. पण स्कूबात दहा मीटरवर, म्हणजे आपल्या भाषेत सहा परस खाली, भरलेली सहा लिटर हवा दम धरून वर आणली तर तिला बारा लिटरची जागा लागेल. ती छातीत कुठून येणार? फुप्फुसं फाटायला दहा मीटरही लागत नाहीत. छाती गच्च भरून दम धरला तर साधारण एका मीटरची चढण पुरते. फाटलेल्या वायुकोशांतून हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, मेंदूपर्यंत जातात. ओढायची ताकद एक मीटरची, सोसायचीही एक मीटरचीच. म्हणून पहिला नियम: श्वास चालू ठेवा, कधीही कोंडू नका.

दम धरण्याचा विषय निघालाच आहे तर, पट्टीचा पोहणारा बुडाला की गावात साती आसरांचं नाव निघतं. बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेण्याची सवय अनेकांना असते. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र उतरतो. ‘श्वास घे’ ही हाक त्याच्यामुळे येते. ती येण्याआधीच माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. आसरांना उगाच नैवेद्य.

शिकायचंच असेल तर मालवण-तारकर्लीचा हंगाम पावसाळा संपल्यावर. पर्यटकांची उथळ बुडी पोहता न येणाऱ्यालाही देतात, कारण प्रशिक्षक धरून असतो. पहिलं प्रमाणपत्र १८ मीटरपर्यंतचं. त्याला मात्र २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं यावं लागतं. दमा, फुप्फुसाचा जुना आजार, कानाची शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टर. फॉर्मवर सरसकट ‘नाही’ लिहिणारे शूर मी पाहिलेत. कानांतला दाब जुळवायला नाक दाबून हळूच फुंकर, तीही दुखायच्या आधी.

आणि आपली मराठवाड्याची खास अडचण. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो, नाहीतर सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसतो. उंचावर हवेचा दाब कमी, तिथे हा धोका वाढतो. म्हणून अनेक बुड्यांनंतर १८ तास तरी विमान टाळतात. आपण विमानाने येत नाही, पण घाट चढतो. आंबोली सातशे मीटरच्या आसपास आहे. सहा मीटरच्या एका बुडीने काही होत नाही. पण दिवसभर खोल बुड्या मारून रात्रीच गाडी काढायची घाई नको, मालवणात एक मुक्काम वाढवा.

भाच्याचा पुढचा प्रश्न तयारच होता: “मग पैठणला नाथसागरात का नाही?” नाथसागर भरतो तो १,५२२ फुटांवर, म्हणजे ४६४ मीटरवर. ३०० मीटरच्या वरचं पाणी उंचावरचं समजून बुड्यांचं कोष्टक, म्हणजे किती खोल किती वेळ राहायचं याचा तक्ता, बदलावं लागतं. आणि पावसाळ्यातल्या गोदावरीच्या गढूळ पाण्यात वर केलेला अंगठा दिसणार कुणाला?